पंख्याला कोण सांगतं, "जोरात फिर" म्हणून?

हे या भागाचं लिखित रूप. बोलताना काही आकडे घाईत गेले होते, ते इथे नीट मांडलेत. ज्यांनी बसमध्ये अर्धवट ऐकलं त्यांनी इथून वाचलं तरी चालेल.

मागच्या भागावर इंदापूरहून एक प्रश्न आला होता. प्रश्न साधा होता: "लॅपटॉपचा पंखा मधेच घोंघावायला लागतो आणि मधेच शांत होतो. हे ठरवतं कोण? विंडोज, लिनक्स, की पंखा स्वतःच?" त्याच्या खाली दुसऱ्याने लिहिलं होतं, "आणि फोनला तर पंखाच नाही, त्याचं काय?"

फोनचं आधी उरकून टाकू. भिगवणला फ्लेमिंगो बघायला गेलात, मार्चच्या उन्हात अर्धा तास व्हिडिओ काढलात, तर स्क्रीन आपोआप मंद होते, चार्जिंग थांबतं, कॅमेरा बंद पडतो. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचं कर्नलच आहे. त्या कर्नलमध्ये 'थर्मल' नावाचा विभाग सतत आतल्या सेन्सरांचं तापमान बघतो आणि ठरलेला आकडा ओलांडला की प्रोसेसरचा वेग कमी करतो. पंखा नसलेल्या यंत्राला थंड व्हायचा एकच मार्ग उरतो, काम कमी करणं. मे महिन्यात भर दुपारी आपणही तेच करतो.

आता पंखा असलेल्या यंत्रांकडे येऊ. डेस्कटॉप, सर्व्हर, मोठे राऊटर, सीसीटीव्हीचे रेकॉर्डर. यातल्या बऱ्याच बोर्डांवर नखाएवढी एक वेगळी चिप असते. तिची कामं तीन: तापमान मोजणं, पंख्याचे फेरे मोजणं आणि पंख्याचा वेग ठरवणं. उदाहरणासाठी मी मुद्दाम एक जुनी चिप घेतोय, नॅशनल सेमीकंडक्टरची एलएम६३. ही कंपनी २०११ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने विकत घेतली. या चिपचा लिनक्स ड्रायव्हर जाँ देल्व्हार यांनी २००४ मध्ये लिहिला आणि तो कुणालाही वाचता येतो. एका फाइलमध्ये सगळं आहे. बीटेकच्या पहिल्या वर्षाचं सी येत असेल तर दोन संध्याकाळी पुरतात.

ड्रायव्हर म्हणजे नेमकं काय, हे बारामती-इंदापूरच्या माणसाला समजवायला मला उसाचा मुकादम सगळ्यात बरा वाटतो. कारखाना तोडणी टोळीतल्या एकेका माणसाशी बोलत नाही. तो मुकादमाशी बोलतो. टोळी मोजते मोळ्या, कारखान्याला हिशोब हवा टनात. कुठल्या शेतात कधी जायचं, कुणाला काय सांगायचं, हे मुकादमाला माहीत. ड्रायव्हर तसाच. चिप बोलते तिच्या रजिस्टरच्या भाषेत, कर्नलला हवे असतात अंश सेल्सियस आणि मिनिटाला किती फेरे. मधला हिशोब ड्रायव्हर करतो. आणि मुकादमाने हिशोब चुकवला तर काय होतं हे तुम्हाला सांगायला नको.

चिप आणि प्रोसेसर यांच्यात दोनच वायरी असतात. एक ठोका देणारी, एक माहिती वाहणारी. ही पद्धत फिलिप्स कंपनीने १९८२ मध्ये काढली, तिचं नाव आयटूसी. दोन वायरींवर अनेक चिपा बसतात, म्हणून प्रत्येकीला पत्ता लागतो. चावडीवरच्या भोंग्यावरून नाव पुकारलं की ज्याचं नाव तोच उठतो, तसं. एलएम६३चा पत्ता आहे शून्य-एक्स-४सी.

पण याच पत्त्यावर दुसऱ्या कंपन्यांच्या चिपाही बसतात. गावात एकाच नावाचे चार जण असावेत तसं. म्हणून ड्रायव्हर आधी ओळखपत्र मागतो. चिपच्या आत दोन रजिस्टर असतात, एकात कंपनीचा क्रमांक आणि एकात चिपचा. एलएम६३चा चिप क्रमांक ४१, तिची बहीण एलएम६४चा ५१, दोन्ही षोडशमान पद्धतीत. दिसायला किरकोळ फरक. पण एलएम६४ प्रोसेसरचं तापमान १६ अंश कमी करून साठवते, आणि ड्रायव्हरने त्यात १६ मिळवायचे असतात. ओळखण्यात गफलत झाली तर प्रोसेसर ७० अंशांवर असताना स्क्रीनवर ५४ दिसेल. तुम्ही निवांत, पंखा निवांत, आणि प्रोसेसर भाजतोय. मुकादमाने टोळीच चुकीची ओळखली तर टनांचा हिशोब कितीही नीट केला तरी उपयोग काय?

याहून वाईट प्रकार २००० च्या सुमाराला घडला होता. आयबीएमच्या काही थिंकपॅड लॅपटॉपांत त्याच दोन वायरींवर एक मेमरी चिप होती, जिच्यात लॅपटॉप सुरू व्हायला लागणारी माहिती असायची. सेन्सर शोधणारं सॉफ्टवेअर प्रत्येक पत्त्यावर "कोण आहे?" म्हणून टकटक करायचं. त्या मेमरी चिपमधल्या एका दोषामुळे ही टकटकच तिला "लिहून घे" असा हुकूम वाटायची. माहिती खराब, आणि लॅपटॉप पुन्हा सुरूच होईना. फक्त तापमान बघायला गेलेल्या माणसाचं अख्खं यंत्र गेलं. तेव्हापासून 'उगाच चाचपू नका' हा या क्षेत्रातला कडक रिवाज आहे. नवीन ड्रायव्हर पाठवला आणि त्यात बिनकामाची चाचपणी असली तर तपासणारे पहिलं बोट तिथेच ठेवतात.

आता तापमान. चिप बोर्डावर एका कोपऱ्यात, प्रोसेसर दुसरीकडे. मग तिला आतलं तापमान कळतं कसं? प्रोसेसरच्या आतच एक छोटा डायोड ठेवलेला असतो आणि त्याची दोन टोकं बाहेर काढलेली असतात. चिप त्यातून आधी थोडा करंट सोडते, मग त्याच्या कितीतरी पट. दोन्ही वेळी डायोडवर पडणारा व्होल्टेज मोजते आणि वजाबाकी करते. वजाबाकी केल्यावर डायोडच्या बनावटीतल्या बऱ्याचशा खोडी कटतात आणि उरतो तो आकडा तापमानाच्या प्रमाणात असतो. करंटमध्ये १० पटींचा फरक ठेवला तर एका अंशामागे जेमतेम २०० मायक्रोव्होल्ट. एवढ्याशा सिग्नलवरून चिप अंशाच्या आठव्या भागापर्यंत सांगते, म्हणजे ०.१२५ अंश. मला हे अजूनही भारी वाटतं.

चिप स्वतःचंही तापमान देते, पण ते पूर्ण अंशात. हे दुय्यम वाटेल, पण आपल्याकडे तेच महत्त्वाचं. ते साधारण बोर्डाच्या आसपासची हवा किती तापली आहे ते सांगतं. पंखा हवा थंड करत नाही हो, तो हवा फक्त ढकलतो. पुणे जिल्ह्याच्या पूर्व पट्ट्यात एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर असतो. पत्र्याच्या खोलीत ४२ अंश असतील तर पंखा हजारने फिरवा नाहीतर पाच हजारने, प्रोसेसर ४२ च्या खाली येणार नाही. २५ अंशांची खोली धरून आखलेला वेगाचा तक्ता इथे उन्हाळाभर वरच्याच टोकाला बसून राहतो.

आता हिशोब करू, वही घ्या. प्रोसेसरचं तापमान दोन रजिस्टरांत येतं. पहिल्यात पूर्ण अंश, दुसऱ्यात अपूर्णांक. समजा पहिल्यात ४५ आणि दुसऱ्यात ३२. ड्रायव्हर पहिल्याला २५६ ने गुणून दुसरा मिळवतो: ११,५५२. त्याला ३२ ने भागलं की ३६१, म्हणजे अंशाचे ३६१ आठवे भाग. त्याला १२५ ने गुणलं की ४५,१२५. ड्रायव्हर हाच आकडा पुढे देतो, आणि तो वाचायचा ४५.१२५ अंश. सगळं हजारपट का? कारण कर्नलच्या आत दशांश चिन्हाची गणितं टाळतात. म्हणून लिनक्समध्ये तापमान मिलीअंशात असतं. कुणी तुम्हाला "माझा प्रोसेसर ४५ हजारवर गेला" असा स्क्रीनशॉट पाठवला तर घाबरू नका, तीन शून्यं कमी करा.

दोन रजिस्टर एकामागून एक वाचावी लागतात, यात एक जुनी मेख आहे. भिंतीवरच्या डिजिटल घड्याळात ९:५९ झालेत. तुम्ही तासांचा आकडा बघितला, ९. तेवढ्यात मिनिट पलटलं. मग मिनिटं बघितली, ००. तुम्ही म्हणणार नऊ वाजले, आणि खरे वाजलेत दहा. तापमान ४५.८७५ वरून ४६ वर जाताना हेच होऊ शकतं: आधी वाचलं ४५, मग अपूर्णांक शून्य, उत्तर ४५.०. तापमानात चूक एका अंशाची, पण पंख्याचे फेरे अशा दोन भागांतून वाचताना चूक मोठी असू शकते. म्हणून अशा चिपा एक सोय देतात. ठरलेला भाग आधी वाचला की दुसरा गोठून राहतो. या ड्रायव्हरमध्ये अशा दोन ठिकाणी छोटी टीप आहे, क्रम महत्त्वाचा आहे एवढंच सांगणारी. कुणीतरी नीटनेटकं करायच्या नादात त्या ओळींची अदलाबदल केली तर काहीही तुटलेलं दिसणार नाही. फक्त महिन्यातून एखाद्या वेळी विचित्र आकडा येईल. असे दोष शोधण्यात माणसाची उमर जाते.

पंख्याचे फेरे मोजायची पद्धत उलटी आहे. चिप फेरे मोजत नाही, एका फेऱ्याला किती वेळ लागला ते मोजते. तिच्याकडे सेकंदाला ९०,००० ठोके देणारं घड्याळ. मिनिटाला झाले ५४ लाख. एका फेऱ्यात २,७०० ठोके पडले तर ५४ लाख भागिले २,७००, म्हणजे मिनिटाला २,००० फेरे. पंखा हळू झाला की ठोक्यांचा आकडा वाढतो. १६ बिटांत मावेल एवढंच मोजता येतं, त्यामुळे मिनिटाला साधारण ८२ फेऱ्यांच्या खालचा पंखा या चिपला दिसतच नाही. ड्रायव्हर तेव्हा शून्य सांगतो. आणि रजिस्टरमध्ये शून्यच आलं तर? ५४ लाख भागिले शून्य. ॲपमध्ये असं झालं तर ॲप बंद पडतं. कर्नलमध्ये झालं तर सगळं यंत्र आडवं होऊ शकतं. म्हणून भागाकाराआधी तपासणी आहे, अर्ध्या ओळीची.

जाता जाता एक. फेऱ्यांचा आकडा फारसा कुणी बघत नाही, सगळे तापमान बघतात. मला उलट वाटतं. आपल्याकडे धूळ भरपूर, आणि गाळप हंगामात हवेत काजळी तरंगत असते. पंख्याला तेवढाच जोर देऊनही फेरे महिन्यागणिक कमी होत असतील तर जाळी चोंदलीय किंवा बेअरिंग जातंय. तापमान वाढायच्या आधी हे कळतं. रेकॉर्डर आठवडाभर बंद राहण्यापेक्षा ब्रश मारणं स्वस्त.

आता मूळ प्रश्न: ठरवतं कोण?

पंख्याचा वेग बदलायला बहुतेक वेळा व्होल्टेज कमीजास्त करत नाहीत. वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतात, आणि चालूचा वाटा जास्त तर वेग जास्त. याला पीडब्ल्यूएम म्हणतात. लिनक्समध्ये हा वाटा ० ते २५५ मध्ये लिहायचा. चिपची आतली मापं वेगळी असतात, ते रूपांतर ड्रायव्हरकडे.

वेग ठरवायच्या दोन रीती आहेत. एक हाताने: तुम्ही किंवा तुमची स्क्रिप्ट आकडा लिहिते, चिप निमूट पाळते. दुसरी आपोआप: चिपमध्ये तक्ता भरलेला असतो, एलएम६३मध्ये ८ पायऱ्यांचा. इतक्या अंशांना इतका वेग. पायरी चढायचा आणि उतरायचा आकडा वेगळा ठेवतात. गावातल्या दूध केंद्रावरचा बल्क कूलर बघा, कॉम्प्रेसर ४ अंशांच्या आसपास बंद होतो पण पाव अंश चढला की लगेच चालू होत नाही. झाला असता तर दिवसभर चालू-बंद करून जळाला असता. पंख्याचंही तसंच. तो मधेच घोंघावतो आणि मधेच गप्प होतो, तेव्हा हे अंतर कमी पडलेलं असू शकतं.

खरी भानगड आहे हाताच्या रीतीत. समजा रात्री आवाज नको म्हणून तुम्ही स्क्रिप्ट लिहिली आणि वेग ६० वर आणला. गरम झालं की स्क्रिप्ट वाढवणार. पहाटे स्क्रिप्ट मेली. किंवा लाईट गेली-आली आणि यंत्र अर्धवट अडकलं. चिपला हे कळत नाही. तिला शेवटचा हुकूम ६०, ती ६० च पाळणार, प्रोसेसर कितीही तापो. आपोआपच्या रीतीत उलट आहे. लिनक्स पूर्ण गोठलं तरी चिप स्वतःच्या तक्त्याप्रमाणे पंखा फिरवत राहते. माझं मत विचाराल तर, ज्या यंत्राशेजारी रात्रंदिवस माणूस बसलेला नाही तिथे पंखा स्क्रिप्टच्या हाती देऊ नये. तक्ता बदला, पण राज्य चिपचंच ठेवा.

ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी हा धोका ओळखलेला दिसतो. आपोआपची रीत चालू असताना वेगाचा आकडा लिहायला गेलात तर परवानगी नाही म्हणून परत पाठवतात. तक्ता बदलायचा तर आधी हाताच्या रीतीत या. आणि हाताकडून परत आपोआपकडे जाताना ड्रायव्हर तक्ता तपासतो. तापमान चढतंय आणि वेग उतरतोय असा उफराटा तक्ता असेल तर तो रीत बदलू देत नाही. ही तपासणी नसती तर तुम्ही भरलेल्या एका चुकीच्या आकड्यामुळे जितकं गरम तितका पंखा हळू, अशी अवस्था आली असती.

इंटरनेटवर एक सल्ला फिरतो, त्यापासून जपा. रीत निवडायच्या फाइलमध्ये ० लिहिलं की पंखा बंद, असं लोक सांगतात. लिनक्सच्या नियमाप्रमाणे तिथे ० म्हणजे 'नियंत्रण नाही', पंखा पूर्ण वेगात. १ म्हणजे हाताने, २ किंवा पुढे म्हणजे आपोआप. एलएम६३चा ड्रायव्हर तर तिथे १ आणि २ सोडून काही घेतच नाही.

चिपकडून उत्तरच आलं नाही, वायर हलली, तर ड्रायव्हरने काय सांगायचं? शून्य अंश? मुळीच नाही. शून्य वाचून वरचं सॉफ्टवेअर म्हणेल, वा, थंड आहे, पंखा कमी करा. त्रुटीचा कोड द्यायचा, म्हणजे वरच्याला कळतं की आकडा नाहीये. जुन्या पिढीच्या ड्रायव्हरांत ही काळजी नेहमी नसायची, आता परीक्षणात ती मागतात. नवीन लिहिणाऱ्यांसाठी कर्नलच्या कागदपत्रांत हेही आहे की वाचन फसलं म्हणून लगेच लॉगमध्ये संदेश ओतू नका, कोड परत करा. सेकंदाला एकदा वाचणारं सॉफ्टवेअर असेल तर रात्रीत हजारो ओळी साठतात आणि कामाची ओळ त्यात बुडते. या विभागाचे देखभालकर्ते ग्वेंटर रोक, आणि या बाबतीत त्यांचं परीक्षण सैल नसतं.

ज्यांना करून बघायचंय त्यांच्यासाठी शेवटचं. चिप विकत घ्यायची गरज नाही. लिनक्समध्ये 'आयटूसी-स्टब' नावाचं मॉड्यूल आहे, ते खोट्या चिपचं सोंग घेतं. बऱ्याच डिस्ट्रिब्युशनमध्ये ते आधीच असतं. कामाच्या लॅपटॉपवर नको, एखाद्या जुन्या यंत्रावर किंवा व्हर्च्युअल मशीनमध्ये करा. ते ४सी पत्ता देऊन चढवा. मग आयटूसी-टूल्सने त्या खोट्या चिपच्या ०१ रजिस्टरमध्ये ४५ आणि १० रजिस्टरमध्ये ३२ लिहा. रजिस्टरचे क्रमांक षोडशमान आहेत, आकडे साधे. बसचा क्रमांक मात्र दोनदा बघून घ्या, स्टबचाच आहे ना. खऱ्या बसवर लिहिलंत तर वरची थिंकपॅडची गोष्ट आठवा. त्यानंतर 'न्यू-डिव्हाइस' फाइलमधून कर्नलला सांगा की इथे एलएम६३ आहे. ड्रायव्हर जागा होईल. एचडब्ल्यूमॉनच्या फोल्डरमध्ये दुसऱ्या तापमानाची फाइल उघडा, आत ४५१२५ दिसेल. मग अपूर्णांकाच्या जागी ६४ लिहा आणि परत वाचा. आकडा लगेच हलला नाही तर थांबा, ड्रायव्हर काही वेळ जुनंच उत्तर देतो, प्रत्येक वाचनाला वायरीवर गर्दी नको म्हणून. थोड्या वेळाने ४५२५० येईल.

तिथून पुढे पहिल्या रजिस्टरमध्ये २५१ लिहून बघा आणि उणे तापमान का येतं ते मला कॉमेंटमध्ये सांगा. पुढच्या भागात त्याच्यावरच बोलू.